बी.ई.आर. म्हणजे काय

आजवर कोणालाही, अगदी बायकोलासुद्धा, जे सांगितलं नाही ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. माझा मधुमामा आमचं घर सोडून पानिपतला गेला, तो माझ्यामुळे. आमच्या घरात, नातेवाइकांत, पुण्याच्या मावशीकडे, सगळीकडे इतकी वर्षं हेच धरून चालतात की बाबा त्याला काहीतरी लागेलसं बोलले. बाबा काही बोलले नव्हते. बोललो होतो मी, आणि तोही एकच शब्द.

त्या शब्दाकडे यायचं तर दुसरा एक शब्द समजावून सांगावा लागेल. दिल्लीच्या सरकारी क्वार्टरांबाहेर तो फारसा कोणाला ठाऊक नसेल. तो शब्द म्हणजे बी.ई.आर., बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात स्टोअरचे अधिकारी होते. खुर्च्या, पंखे, कूलर, टाइपरायटर अशा हजार वस्तू त्यांच्या ताब्यात असायच्या. त्या वस्तू म्हाताऱ्या झाल्या की त्यांना रीतसर निरोप देणं हे बाबांचं काम. ऑफिसात त्याला 'कंडेम करणं' म्हणायचे. दिवसभर ते काम करून आलेला माणूस घरी गंभीर राहिला असता तर वेड लागलं असतं, म्हणून असेल, पण बाबा रात्रीच्या जेवणाला त्याची गोष्ट करून सांगायचे.

"मोडलेली वस्तू निराळी," आमटीत भात कालवत ते म्हणायचे. "मोडलेली वस्तू मेली. तिचा प्रश्न मिटला. बी.ई.आर. मेलेली नसते. ती जगू शकते. डॉक्टर म्हणतो, हो, जगेल. फक्त हिशेबनीस म्हणतो, कशाला?"

"मग ठरवतं कोण?" हे मी विचारायचं, असं जणू ठरलेलंच होतं.

"बोर्ड. तीन माणसं. एकाला त्या वस्तूतलं काही कळत नाही, म्हणून तो अध्यक्ष. दुसऱ्याला कळतं, पण त्याला कोणी विचारत नाही, तो तांत्रिक सदस्य. तिसरा अकाउंट्सचा. त्याची चार्टर्ड बस सुटायची वेळ झालेली असते, म्हणून तो सगळ्यालाच हो म्हणतो."

"आणि मग?"

"मग तिला जायबंदी करायचं. हा नियम आहे. पंख्याची पाती वाकवायची, खुर्चीचं बूड फाडायचं. नाहीतर कोणीतरी चुकून वापरायला घेईल आणि ती चालेल."

"चालली तर?"

"चालली तर बोर्डाची अब्रू जाईल ना! लिलावात भंगार घेणारा कबाडी मात्र तीच पाती सरळ करतो, रंगाचा हात मारतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात आमचंच खातं तो पंखा नवा म्हणून विकत घेतं. पुनर्जन्म फक्त सरकारी मालाला असतो, हेमंत. माणसाची काही गॅरंटी नाही."

"जेवताना कसले मेले विषय काढता," आई म्हणायची, पण पदराआड हसायची. आईचं ते हसणं मला अजून आठवतं. बाबांचे विनोद मुख्यतः तिच्यासाठीच असायचे, हे मला फार उशिरा समजलं.

सगळ्यात मोठ्याने हसायचा मधुमामा. हसता हसता त्याला खोकला यायचा आणि आई उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवायची. तो आईचा थोरला भाऊ. लग्न केलं नव्हतं. दिल्लीतल्याच मुनिरकाच्या गल्लीत एका जिन्यावरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये तो वर्षानुवर्षं मुलांना टायपिंग आणि शॉर्टहँड शिकवत होता. मग दिवस पालटले. मालकाने टाइपरायटर एका भिंतीला रचून ठेवले, दारावर काच बसवली, एसी लावला आणि कॉम्प्युटर क्लास सुरू केला. मामाला त्याने काढलं नाही. "सर, तुसी बैठो, आराम करो," म्हणाला. मामा महिनाभर त्या गार खोलीत बसला आणि एक दिवस आपणहून जाईनासा झाला. मुनिरकाची खोली सोडून तो सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये राहायला आला. एक पत्र्याची ट्रंक, एक छत्री आणि लोखंडी चौकटीची नवारीची खाट, एवढंच त्याचं सामान. ती खाट आमच्या आतल्या खोलीत माझ्या पलंगाशेजारी लागली.

मामा वाईट सोबती नव्हता, हे मला लिहून ठेवायलाच हवं. सकाळी दुधाच्या बूथवर तोच जायचा. उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी तोच भरायचा. ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरला की मी म्हणायचो, "क्या खुशबू है खसची!" आणि तो बादली खाली ठेवून म्हणायचा, "वाळा म्हण रे. नाकाला मराठी येतं, जिभेला का येत नाही?" माझ्या मराठीवर त्याचा पहारा असे. "मामा, पंखा बंद करून दे," म्हटलं की तो पंखा बंद करायचा आणि विचारायचा, "केला. आता देऊ कोणाला?" मटारचे दिवस आले की तो आणि आई लॉनवर उन्हात बसून शेंगा सोलायचे. अर्धे मटार त्याच्या तोंडात जायचे आणि आई लहानपणीसारखी त्याच्या हातावर चापट मारायची. "दादा, उसळीला राहू देत!" आमच्या घरात आईला कोणाच्या हातावर चापट मारता येईल असा तो एकच माणूस होता.

त्याची एक सवय मात्र मला नकोशी व्हायची. दुपारी डुलकी लागली की त्याची बोटं खाटेच्या लोखंडी चौकटीवर टाइप करायची. टक्टक्, टक्टक्टक्, मग ओळ संपल्यासारखी थांबायची आणि पुन्हा सुरू. मी बारावीला होतो. कानात कापूस घालून फिजिक्स करायचो. एकदा चिडून विचारलं, "मामा, झोपेत काय टाइप करतोस रे?" तो डोळे न उघडताच म्हणाला, "अर्ज."

अशात यमुनेपलीकडच्या सोसायटीत बाबांच्या फ्लॅटचा नंबर लागला. स्वतःचं घर! आमच्या वर्गातली मुलं एकेक करून अशा नव्या फ्लॅटांत जात होती, आणि गेली की त्यांची भाषाच बदलायची. "मेरे रूम में आ जा," म्हणायची. मेरा रूम. त्या दोन शब्दांनी मला पछाडलं होतं. आम्ही फ्लॅट बघायला गेलो तेव्हा चहूकडे उसाची शेतं आणि मधेच उभ्या चार इमारती होत्या, जिन्यात सिमेंटच्या गोण्या, लिफ्टच्या जागी नुसता खड्डा. आई ओट्यावरून हात फिरवत होती. मी मागच्या लहान खोलीत जाऊन उभा राहिलो. खिडकी, एक कोनाडा, एक प्लग. भिंतीवर काय काय लावायचं ते मी ठरवूनही टाकलं. बाबा मागून आले आणि वितीने भिंत मोजायला लागले. "इथे तुझा पलंग. आणि इथे मामाची खाट. बरोब्बर बसते," म्हणाले, आणि खूश होऊन बाहेर गेले. मी 'अच्छा' म्हणालो.

सामान हलवायचं ठरलं तेव्हा बाबांनी घरातच बोर्ड नेमलं. हिवाळ्याचं ऊन, लॉनवर सतरंजी, मधे भाजलेल्या शेंगा आणि तीळगुळाची गजक. बाबा अध्यक्ष, आई अकाउंट्स, मामा तांत्रिक सदस्य. माझ्या हातात खडू. नव्या घरी न्यायच्या वस्तूवर फुली, कबाड्याला द्यायच्या वस्तूवर बी.ई.आर. मी एकेक वस्तू बाहेर आणायचो आणि बोर्ड निकाल द्यायचं. झाकण हरवलेला मिक्सर बी.ई.आर. ठरला. एक पाय लंगडा असलेलं टेबल बी.ई.आर. मामा प्रत्येक वस्तूची बाजू मांडायचा. "अहो दिनकरराव, याला खाली एक पुठ्ठा दिला की चालेल."

"तांत्रिक सदस्यांचं मत ऐकलं," बाबा म्हणायचे. "विचारात घेतलं नाही. पुढचा आरोपी!"

शेजारच्या क्वार्टरमधल्या आजोबांना तेवढ्यात कोणीतरी उन्हात खुर्चीवर आणून बसवलं. बाबा हळूच म्हणाले, "हे बघा. केव्हाचे बी.ई.आर. आहेत, पण लिलावाला गिऱ्हाईकच येत नाही."

"शुभ बोला हो," आई म्हणाली.

मामा हसून हसून खोकला. मग डोळे पुसत म्हणाला, "आणि माझं काय ते एकदा सांगून टाका. मी कशात?"

"तुमचं ठरवता येत नाही, मामासाहेब," बाबा म्हणाले. "तुम्हाला कधी दुरुस्तीलाच काढलं नाही. खर्चाचा अंदाज कसा येणार? तुम्ही आपले वापरात."

आईने मामाच्या हातावर शेंगा ठेवल्या. मला आठवतं, त्याने त्या लगेच खाल्ल्या नाहीत. "वापरात," असं स्वतःशीच म्हणाला, चव घेतल्यासारखं. त्याला ते आवडलं होतं. पुढे कितीतरी वेळ तो बी.ई.आर.ला मराठी शब्द शोधत होता. "अडगळ नव्हे. अडगळ आपण ठेवून घेतो. मोडीत काढलेलं, असं म्हणता येईल. पण त्यात तुमच्या बोर्डाची ऐट नाही येत."

खाटेचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. तिच्यावर फुलीच पडणार, हे गृहीतच होतं.

ट्रक यायच्या आदल्या दुपारी बाबा ट्रकवाल्याकडे गेले होते. आई शेजारणींचा निरोप घ्यायला. मामा सुतळी आणायला सरोजिनी नगरच्या बाजारात. कबाडी येणार होता. मी एकटा खडू घेऊन हिंडत होतो. आतल्या खोलीत आलो, खाटेसमोर उभा राहिलो. तिच्यावर अजून काहीच लिहिलेलं नव्हतं. मी वाकून चौकटीवर बी.ई.आर. लिहिलं. नीट, ठळक.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ती गंमत होती. आता मला तसं म्हणवत नाही. गंमत असती तर मी लिहून थांबलो असतो. मी पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड आणलं आणि नवारीचे पट्टे एकेक करून कापले. नियमच होता ना, जायबंदी करायचं. घट्ट ताणलेली नवार कापली की तिचा फट् असा आवाज होतो आणि पट्टा झटक्यात मागे जातो. तो आवाज मला आवडला, हेही लिहितो. कापताना माझ्या डोळ्यांपुढे मामा नव्हताच. माझी रूम होती. कबाडी येईल, खाट घेऊन जाईल, संध्याकाळी 'चुकून गेली' म्हणू, आणि खाट नसली की मामा बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपेल, इतकाच माझा बेत होता.

पण कबाड्याच्या आधी मामा आला. सुतळीचा गुंडा हातात घेऊन दारात उभा राहिला. कापलेले पट्टे जमिनीला टेकले होते. त्याने खडूची अक्षरं वाचली. वाचायला वेळ लागावा असं त्यात काही नव्हतं, पण त्याला वेळ लागला.

"हे कोणी सांगितलं रे?"

मी म्हणू शकलो असतो, कोणी नाही. म्हणू शकलो असतो, मामा, चूक झाली. तो रागावला असता, माझ्या मराठीवरून दोन टोमणे मारले असते आणि संध्याकाळी नवी नवार आणली असती. मी म्हणालो, "बोर्डाने."

तो हसला. खरोखर हसला, जेवताना हसायचा तसाच. "अच्छा. म्हणजे माझ्याशिवाय बैठक झाली. चालतं, अध्यक्षांची एकट्याची सहीही पुरते." मग खाली बसून त्याने पट्टे सोडवले आणि त्यांची नीट गुंडाळी केली. "ही बांधायला होईल," म्हणाला.

कबाडी आला तेव्हा खाटेचं दुसरं टोक मामानेच धरलं. कबाडी चौकट उलटीसुलटी करून बघत म्हणाला, "बाबूजी, चारपाई तो अच्छी-भली है. नवार ही तो डलवानी थी."

"ले जाओ भाई," मामा म्हणाला. "ऑर्डर हो गया है."

रात्री पिठलं-भात होता. भांडी बांधलेली, म्हणून सगळे एका परातीभोवती बसलो होतो. मामाने पहिला घास घेऊन सहज सांगितलं की तो पानिपतला जातोय. तिथे त्याचा एक जुना विद्यार्थी होता, हातमागाचा माल परदेशी पाठवायचा, त्याला पत्रव्यवहाराला माणूस हवा होता. कधीपासून बोलावत होता म्हणे.

"अरे पण कधी ठरलं हे?" आईचा हात परातीतच थांबला. "दादा, तुझी जागा केलीय तिथे. यांनी मोजून ठेवलीय."

"अहो मामासाहेब, असं काय करता! खाट कुठाय तुमची?" बाबा उठून आत डोकावून आले.

"दिली कबाड्याला. नवार गेली होती तिची," मामा म्हणाला. आणि बाबांकडे पाहून इतक्या समजूतदारपणे मान हलवली की बाबा गोंधळले. त्यांना त्या मान हलवण्याचा अर्थ लागला नाही. मला लागला. तो त्यांना सांगत होता, काळजी करू नका, मी सुमनला, म्हणजे आईला, काही कळू देणार नाही. जो निर्णय बाबांनी घेतलाच नव्हता, त्याबद्दल तो बाबांची अब्रू राखत होता.

आईने मात्र ती मान हललेली पाहिली आणि तिने तिचा अर्थ लावला. दुसऱ्या दिवशी मामाला बसमध्ये बसवून आल्यावर तिने बाबांना विचारलं, "काय बोललात त्याला?"

"अगं, काही नाही बोललो. शपथ."

"तुमच्या तोंडाला काही धरबंध आहे? माणसाला खुर्ची-टेबलात मोजता. बोलला असाल काहीतरी गमतीत, आणि तुम्हाला आठवतही नसेल."

इतकी वर्षं बाबा जगातल्या प्रत्येक वस्तूला आणि निम्म्या माणसांना बी.ई.आर. म्हणत आले होते. एकदा नसतील म्हणाले, यावर कोणी विश्वास ठेवावा?

नव्या घरात सामान लावताना बाबांनी पुस्तकांचं एक गाठोडं सोडलं. ते नवारीने बांधलेलं होतं. गाठ सोडून त्यांनी पट्ट्याचं टोक उजेडात धरलं. झिजलेली नवार तुटते तेव्हा तिचे दोरे निघतात. हे टोक सरळ, स्वच्छ कापलेलं होतं. त्यांनी ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या रूममध्ये प्लग बसवत होतो. "ब्लेड जपून वापरत जा," एवढंच म्हणाले. ती सूचना होती की निकाल, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

त्यानंतर जेवताना बाबा ऑफिसचं बोलेनासे झाले. सुरुवातीला एकदोनदा त्यांनी प्रयत्न केला, पण आई ताटाकडे बघत राहायची. विनोद ऐकून घेणारं माणूस हसलं नाही की विनोद केवढा केविलवाणा होतो! मग त्यांनी सोडून दिलं. आमच्याकडे टीव्ही जेवणाच्या टेबलासमोर आला तो तेव्हा. लोक म्हणतात, केबल आलं आणि घरातली बोलणी संपली. आमच्या घरातली आधीच संपली होती. केबलने फक्त ती जागा भरली.

मामा पानिपतला वाईट राहिला नाही. विद्यार्थ्याने त्याला मान दिला, कारखान्यामागे खोली दिली. दर थंडीत तो कोणाबरोबर तरी एक ब्लँकेट पाठवायचा. आई दोनतीनदा जाऊन आली. मी एकदाच गेलो, नोकरी लागल्यावर, पेढे घेऊन. त्याने मला कारखाना दाखवला, चहा पाजला, आणि निघताना विचारलं, "रूम कशी आहे तुझी?" त्यात टोमणा नव्हता, मी पुष्कळ शोधला. "छान आहे," म्हणालो. सांगायला तेव्हा सगळा वेळ माझ्याकडे होता. बस यायची होती. आम्ही स्टँडवर बाकावर बसलो होतो, तो शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत होता. मी पानिपतच्या लढाईबद्दल काहीतरी विचारत बसलो. पुढच्या थंडीत ब्लँकेट आलं नाही, त्याच्या विद्यार्थ्याचा फोन आला.

बाबांच्या शेवटच्या आजारात आम्ही त्यांना घरी आणलं होतं. माझ्याच खोलीत ठेवलं, कारण तिथे ऊन येतं. एका सकाळी आई त्यांना चमच्याने पेज भरवत होती, मी उशी धरून मागे उभा होतो. आईने चमचा वाटीत ठेवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "आता तरी सांगा. दादाला काय म्हणाला होतात?"

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी सांगेन म्हणून ते थांबले होते, की मी सांगू नये म्हणून त्यांनी पाहिलं, हे मला आजही ठरवता येत नाही. मी उशी सारखी केली.

"असेन म्हणालो काहीतरी," बाबा म्हणाले. "चुकलंच माझं, सुमन."

आई रडली. मग तिने त्यांच्या ओठांवरची पेज पुसली आणि म्हणाली, "जाऊ दे. झालं ते झालं." तिने त्यांना माफ केलं, आणि न केलेल्या गुन्ह्याची ती माफी त्यांनी निमूटपणे घेतली. त्यानंतर ते थोडेच दिवस होते. त्या थोड्या दिवसांत आई त्यांच्याशी पूर्वीसारखी बोलायची. म्हणून सुरुवातीला मला वाटलं, आता सांगायची गरज उरली नाही. ही माझी सगळ्यात सोयीची समजूत.

पण माफ केलं तरी ती विसरलेली नाही. परवाच माझ्या मुलीने बाबांचा फोटो पुसता पुसता विचारलं, "आजी, आजोबा कसे होते?" आई म्हणाली, "फार चांगले होते. फक्त जिभेला हाड नव्हतं. माझा भाऊ तेवढ्यासाठी गेला." मुलीने ते ऐकून ठेवलं. आता तीही तेच धरून चालेल.

आई आता बाहेरच्या खोलीत बसली आहे. तिचे डोळे अधू झालेत, पण कान नीट आहेत. हे छापून आलं तरी तिला वाचता येणार नाही, म्हणजे तिच्यासमोर बसून मलाच सांगावं लागेल: आई, बाबा काही बोलले नव्हते, मी बोललो होतो. मामाचं देणं आता फेडता येणार नाही, बाबांचंही नाही. आईचं देता येईल. अजून दिलेलं नाही.